अंगाची वायर आणि चर्चगेट लोकल

प्रत्येक मराठी घरात एक टेस्टर असतो. पारदर्शक दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, आत इवलासा नारिंगी दिवा. पंखा बंद पडला की घरातले बाबा लोक तो सॉकेटमध्ये खुपसतात, मागच्या टोपणावर बोट टेकवतात आणि दिवा लागला की गंभीर चेहऱ्याने जाहीर करतात, "फेज येतेय." आता जरा विचार करा, इथे करंट जातो कुठे? सॉकेटमधून टेस्टरमध्ये, टेस्टरमधून बाबांच्या बोटात आणि बाबांमधून जमिनीत. म्हणजे त्या दोन सेकंदांपुरते बाबा हे बाबा नसतात, सर्किटमधला एक पार्ट असतात.

याहून मोठी गंमत म्हणजे बाबा प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे असले तरी दिवा मिणमिणता का होईना, लागतो. जमिनीशी काही कनेक्शन नाही, मग करंट परत कसा जातो? तर माणूस आणि जमीन मिळून एक कपॅसिटर बनतो. माणूस ही एक पट्टी, जमीन ही दुसरी, मध्ये हवा आणि स्टूल. हा कपॅसिटर साधारण १०० पिकोफॅरडचा असतो. ५० हर्ट्झला त्याचा विरोध येतो सुमारे ३२ मेगाओहम, आणि २३० व्होल्टला करंट येतो ७ मायक्रोअँपिअर. जाणवणार नाही इतका, पण निऑनचा दिवा मिणमिणायला पुरतो. (स्टुलावर चढून खात्री करायला जाऊ नका. आकडेमोड कागदावर बरी.)

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात, म्हणजे मालाडच्या त्या काचेच्या जंगलात, लंच टेबलवर झालेला वाद. एकाने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. माणूस लॅपटॉपला हात लावतो, लॉगिन होतो. दाराच्या मुठीला हात लावतो, दार उघडतं. दुसऱ्या माणसाशी हस्तांदोलन करतो, दोघांचे नंबर एकमेकांच्या फोनमध्ये जातात. ना ब्लूटूथ, ना वायफाय. सिग्नल चक्क माणसाच्या अंगातून गेला. टेबलवर आम्ही तिघं एक्सटीसी करून जावा लिहिणारे, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी डिग्रीचा काहीतरी उपयोग होणार म्हणून आमचे डोळे चमकले. आमच्यातली एकजण मात्र शांतपणे म्हणाली, "हे ज्याने बनवलंय तो कधी लोकलने गेलेला नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून शनिवार त्यातच घालवला. माझं मत आधीच सांगून टाकतो: अंगातून सिग्नल पाठवण्याची ही कल्पना झकास आहे, पण तिच्याबरोबर जे दोन दावे चिकटून येतात ते आपल्या शहरात टिकत नाहीत. पहिला दावा, 'सिग्नल अंगातच राहतो म्हणून तो खासगी आहे.' दुसरा, 'हात लावला म्हणजे संमती दिली.'

आधी थोडा इतिहास. १९९० च्या दशकात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये नील गर्शेनफेल्डच्या गटाने यो-यो मा या चेलोवादकासाठी एक इलेक्ट्रॉनिक चेलो केला. गज कुठे आहे हे विद्युतक्षेत्राने मोजायचं होतं, पण वादकाचा हात मध्ये येऊन मोजमाप बिघडवायचा. हात सिग्नल बिघडवतो, याचा अर्थ हात सिग्नलशी बोलतो! या दिशेने पुढे जाऊन तिथल्याच थॉमस झिमरमनने १९९५ साली प्रबंध लिहिला, 'पर्सनल एरिया नेटवर्क' नावाने. त्याचा सिग्नल होता ३३० किलोहर्ट्झचा आणि वेग सेकंदाला २४०० बिट. १९९६ साली आयबीएमने लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात तो दाखवला: दोन माणसं हस्तांदोलन करतात आणि एकाचं बिझनेस कार्ड दुसऱ्याकडे जातं. (आपण नमस्कार करणारी माणसं. आपलं कार्ड आपल्याच डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे गेलं असतं!)

पुढे २००४ साली मायक्रोसॉफ्टला शरीरातून वीज आणि डेटा पाठवण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं. २००५ साली जपानच्या एनटीटीने 'रेडटॅक्टन' जाहीर केलं, वेग सेकंदाला १० मेगाबिट. २०१२ साली आयट्रिपलईचं ८०२.१५.६ हे स्टँडर्ड आलं, त्यात 'ह्यूमन बॉडी कम्युनिकेशन' हा रीतसर एक प्रकार आहे, २१ मेगाहर्ट्झवर चालणारा. आणि तरीही आपल्यापैकी कुणी हे वापरत नाही, कारण तोवर ब्लूटूथची चिप वडापावच्या भावाने मिळायला लागली होती. अलीकडे विषय पुन्हा तापला तो अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या श्रेयस सेन यांच्यामुळे. हे मूळचे जादवपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांची आयक्साना नावाची कंपनी आता यासाठी चिप बनवते.

आता हे चालतं कसं ते बघू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

कम्युनिकेशनच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या प्रकरणात तीन चौकोन असतात: ट्रान्समीटर, चॅनल, रिसीव्हर. चॅनल म्हणजे तार, हवा, फायबर, जे काय असेल ते. इथे त्या मधल्या चौकोनात माणूस बसवायचा. आणि माणूस बसवायचा म्हणजे त्याचं मॉडेल हवं. चिप बनवणाऱ्यांकडे असं एक मॉडेल पूर्वीपासून आहे. आपल्या अंगावरच्या स्थिर विजेने चिप जळते का, हे तपासायला ते माणसाच्या जागी १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५०० ओहमचा रेझिस्टर लावतात. या सर्किटचं नावच 'ह्यूमन बॉडी मॉडेल'. लग्नाच्या बायोडेटात उंची, वर्ण, पगार असतो. इंजिनिअरकडे माणसाचा बायोडेटा एवढाच, दोन आकडे.

पण १५०० ओहम हा झाला सोयीचा आकडा. खरी गोष्ट अशी की आपण बाहेरून इन्सुलेटर आणि आतून मिठाचं पाणी आहोत. कोरड्या कातडीचा विरोध लाखभर ओहमपर्यंत जाऊ शकतो. तीच कातडी ओली झाली की हजारावर येते. आत एकदा शिरलात की रक्त, स्नायू वगैरे बऱ्यापैकी वाहक असतात.

सिग्नल आत घालायचे दोन मार्ग आहेत. एक गॅल्व्हॅनिक: दोन्ही इलेक्ट्रोड अंगाला चिकटवायचे आणि अगदी लहान करंट अंगातून फिरवायचा. दुसरा कपॅसिटिव्ह: एकच इलेक्ट्रोड अंगाला लावायचा, दुसरा हवेत मोकळा सोडायचा. करंटला परतीचं तिकीट तर लागतंच, मग तो जमिनीमार्गे हवेतून परत येतो, टेस्टरवाल्या बाबांसारखा. घड्याळाएवढ्या यंत्राचा जमिनीशी असलेला कपॅसिटर असतो जेमतेम पिकोफॅरडभर आणि आपल्या अंगाचा शंभर. या दोघांत व्होल्टेज वाटलं गेलं की यंत्राने एक व्होल्ट लावला तर अंगावर येतो त्याचा शंभरावा हिस्सा. तेवढा पुरतो, कारण रिसीव्हर तो उचलू शकतो.

फ्रिक्वेन्सीही नीट निवडावी लागते. आजीच्या ट्रान्झिस्टरच्या एरियलला हात लावला की एफएम स्वच्छ का लागायचं? १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची, तिची निम्मी दीड मीटर, म्हणजे जवळपास आपली उंची. तिथे आपण स्वतःच एरियल होतो. मग सिग्नल अंगात राहत नाही, हवेत उडतो. म्हणून अंगात ठेवायचा असेल तर खूप खाली उतरायचं. १ मेगाहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब. तिच्या मानाने माणूस म्हणजे ठिपका, आणि ठिपका चांगलं एरियल होऊ शकत नाही. सेन यांच्या गटाने याच पट्ट्यात काम केलं. २०१९ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये त्यांनी दाखवलं की असा सिग्नल अंगापासून १५ सेंटिमीटरपलीकडे पकडता येत नाही. ब्लूटूथसारखा रेडिओ सिग्नल पाच मीटरच्या पलीकडूनही ऐकता येतो. शिवाय ऊर्जा शंभरपट कमी लागते, असा त्यांचा दावा.

१५ सेंटिमीटर. फूटपट्टीचा अर्धा भाग. इंडियाना राज्यात १५ सेंटिमीटरच्या आत येणारा माणूस म्हणजे एकतर नवरा-बायको, नाहीतर दाढी करणारा. मालाड स्टेशनवर मात्र...

इथे आपली लोकल येते.

मुंबईच्या लोकलच्या गर्दीसाठी रेल्वेने एक खास शब्द काढला आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. म्हणजे उभ्या जागेत दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. पंधरा धरा. प्रत्येकाच्या वाट्याला येतो २६ सेंटिमीटर बाय २६ सेंटिमीटरचा चौकोन. माणूस स्वतःच त्यापेक्षा रुंद असतो. म्हणजे १५ सेंटिमीटरचं ते 'खासगी वर्तुळ' लोकलमध्ये माझ्याभोवती नसतंच, ते शेजाऱ्याच्या पोटात असतं. आणि माझ्या पोटात त्याचं.

आता थोडी आकडेमोड करू. पाठीला पाठ लागून दोन माणसं उभी आहेत. चिकटलेला भाग धरा हजार चौरस सेंटिमीटर, मधल्या दोन शर्टांची जाडी धरा २ मिलिमीटर. बारावीच्या फिजिक्सचा समांतर पट्ट्यांच्या कपॅसिटरचा फॉर्म्युला लावला तर उत्तर येतं सुमारे ४४० पिकोफॅरड. (कापडाचा डायइलेक्ट्रिक धरलाच नाही. धरला तर आकडा वाढेल.) आणि माझं जमिनीशी कपलिंग किती होतं? १००. म्हणजे लोकलमध्ये, सिग्नलच्या दृष्टीने, मी जमिनीपेक्षा शेजाऱ्याला चौपट जास्त जोडलेला असतो! 'मुंबईत माणूस माणसाला ओळखत नाही' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्या शेजाऱ्याच्या पलीकडे अजून एक, त्याच्या पलीकडे अजून एक. वरचे हँडल, उभा खांब, दाराची कड, सगळं धातूचं आणि प्रत्येकाला पाच-सहा हात लागलेले. पावसाळ्यात तर विचारू नका. मालाड सबवेतून भिजत आलेला माणूस ओल्या हाताने खांब धरतो, तेव्हा त्याच्या कातडीचा विरोध लाखावरून हजारावर आलेला असतो. थोडक्यात काय, डब्यात तीनशे चॅनल नसतात. अख्खा डबा हा एक चॅनल असतो.

याचे दोन परिणाम होतात. एक, माझा सिग्नल माझ्यात न राहता पंधरा जणांत वाटला जातो. आणि दोन, वाटला गेल्यामुळे माझ्याच रिसीव्हरला तो ढोबळमानाने तितकाच कमी मिळतो. सरकारी योजनेसारखं: ज्याच्यासाठी निघाला त्याला कमी, बाकीच्यांना थोडा थोडा. त्यात भर म्हणजे डोक्यावर ५० हर्ट्झची २५ हजार व्होल्टची तार (पश्चिम रेल्वेचं डीसीवरून एसीवर जाणं २०१२ साली पूर्ण झालं) आणि तीनशे फोनच्या स्क्रीनचा गोंगाट.

संशोधकांना हे सुचलंच नाही असं मी म्हणत नाही. सेन यांच्याच गटाने २०२१ साली एका शरीरातून दुसऱ्या शरीरात सिग्नल कसा उतरतो यावर वेगळा पेपर लिहिला. प्रामाणिक काम आहे. पण त्यात प्रश्न दोन माणसांचा आहे. प्रयोगशाळेतला माणूस एकटा उभा असतो, फार तर त्याच्या शेजारी दुसरा येतो. आपल्याकडे मात्र एकटा उभा असलेला माणूस हा अपवाद, आणि पंधरा माणसांचा गठ्ठा हे रोज सकाळचं वास्तव. मॉडेल चुकीचं नाही. मॉडेलमधला माणूस आपल्या गावचा नाही, एवढंच.

आता दुसरा दावा, स्पर्श म्हणजे संमती. टेबलवरचा खरा वाद यावरच झाला. मित्राचं म्हणणं सरळ होतं: हात लावणं ही किती नैसर्गिक कृती! पासवर्ड नाही, बटण नाही, मनात आलं की हात लावला. त्यावर तीच मैत्रीण म्हणाली, "मालाडहून चढताना मला किती जणांचे हात लागतात ते मी मोजत नाही. त्यातला एकही माझ्या मनात आलेला नसतो."

सगळे गप्प झाले.

मला वाटतं या विषयातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि ते कुठल्याही पेपरात नाही. स्पर्श होणं आणि स्पर्श करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत तर क्रियापदंही वेगळी: हात लागला आणि हात लावला. एका अक्षराच्या फरकावर माफी मागायची की मार खायचा ते ठरतं. इलेक्ट्रोडला हा फरक कळत नाही. त्याला दोन्हीकडे कपॅसिटन्स वाढलेला दिसतो, बस्स. मग ज्या यंत्राला 'लागला' आणि 'लावला' यातला फरक कळत नाही, त्याच्या हातात माझ्या दाराची किल्ली किंवा बँकेचं खातं का द्यायचं? पाकीट मारायला निदान खिशात हात घालावा लागतो. इथे नुसतं शेजारी उभं राहून भागेल.

आणि स्पर्शाने काहीतरी 'जातं' ही कल्पना आपल्याला नवीनही नाही. सोवळं-ओवळं आठवा. ज्यांच्या घरी ते होतं त्यांच्या आज्यांना त्याचे नियम एखाद्या प्रोटोकॉलसारखे पाठ असत. धुऊन वाळत घातलेल्या सुती कपड्याला कुणाचा हात लागला की ते ओवळं. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी मात्र चालायची. म्हणजे सूत वाहक, रेशीम आणि लोकर इन्सुलेटर! हे वाचून कुणीतरी 'बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा फॉरवर्ड पाठवण्याआधी सांगतो: पूर्वजांना कपॅसिटन्स माहीत नव्हता. त्यांनी फक्त एक चॅनल कल्पिला, त्यातून जन्माने ठरलेला विटाळ वाहतो असं ठरवलं आणि त्या मॉडेलच्या जोरावर माणसांना पाण्यापासून तोडलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना ओंजळभर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, तो याच मॉडेलविरुद्ध. स्पर्शाला आपोआप अर्थ चिकटवणारा एक प्रोटोकॉल आपण शेकडो वर्षं चालवून बघितला आहे. त्यात ज्याला स्पर्श झाला त्याला आणि ज्याने केला त्याला, दोघांनाही कुणी विचारत नव्हतं. नवा प्रोटोकॉल लिहिताना निदान एवढं तरी शिकू या की स्पर्शाचा अर्थ माणसाने ठरवायचा असतो, तारेने नाही.

मग काय, हे सगळं अरबी समुद्रात बुडवायचं? अजिबात नाही. उलट एक जागा अशी आहे जिथे या तंत्राला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि तिचा धागा आपल्याच शहरात सापडतो.

ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जी. डी. जिंदल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफी' या तंत्रावर वर्षानुवर्षं काम केलं. नाव भयंकर आहे, कल्पना सोपी. हातापायातून न जाणवणारा, उच्च फ्रिक्वेन्सीचा अगदी लहान करंट सोडायचा. रक्ताची लाट आली की तिथला विरोध किंचित कमी होतो, गेली की वाढतो. हा चढउतार मोजला की कातडीला भोकही न पाडता कळतं, रक्तवाहिनी कुठे तुंबली आहे. पायाच्या तुंबलेल्या रक्तवाहिन्या अशा शोधण्यावरचा त्यांचा पेपर १९९० साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये आला, म्हणजे परळच्या केईएमच्या आवारातून निघणाऱ्या नियतकालिकात. जिममधला चरबी सांगणारा वजनकाटाही त्याच कुळातला. इथे शरीर हा चॅनल आहेच, फक्त निरोप बाहेरून कुणी लिहिलेला नाही. चॅनल स्वतःच निरोप आहे.

याच वाटेने पुढे गेलं की अंगातल्या यंत्रांची गोष्ट येते. मध्यंतरी बाबांना चोवीस तासांचा होल्टर लावला होता. छातीवर स्टिकर, त्यांना वायरी, कमरेला डबा. रात्री बनियन बदलताना एक वायर निघाली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लॅबने सांगितलं की रेकॉर्डिंग अर्धवट आहे, परत लावावं लागेल. पुन्हा पैसे, पुन्हा एक रात्र पाठीवर झोपायचं. त्या वायरींच्या जागी अंगच वायर झालं असतं तर? छातीवरचा पॅच मनगटावरच्या घड्याळाशी बोलतोय, शंभरपट कमी ऊर्जेत, म्हणजे बटणाएवढा सेल महिनोन्महिने पुरतोय. ही चैन नाही, गरज आहे.

शरीराच्या अगदी आत तर ब्लूटूथची पंचाईतच होते. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात शोषली जाते आणि आपण बहुतांशी पाणी. म्हणूनच अ‍ॅबटच्या 'एव्हीर डीआर' या पेसमेकरची गोष्ट मला फार आवडते. त्याला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक आणि खालच्या कप्प्यात एक अशी दोन छोटी यंत्रं असतात, मध्ये वायर नाही. दर ठोक्याला ती एकमेकांशी बोलतात, आणि बोलतात ती रक्त आणि हृदयाच्या स्नायूंमधून. झिमरमनचं हस्तांदोलन शेवटी कामी आलं ते बिझनेस कार्डासाठी नाही, हृदयाच्या दोन कप्प्यांसाठी!

पण इथेही 'कुणाचा निरोप, कुणासाठी' हा प्रश्न सुटत नाही. प्रोटियस नावाच्या कंपनीने वाळूच्या कणाएवढा सेन्सर बनवला होता. गोळीत घालायचा. पोटातल्या रसात त्याच्या तांब्या-मॅग्नेशियमचा सेल तयार होतो, तो एक बारीक सिग्नल सोडतो, सिग्नल अंगातून कातडीवरच्या पट्टीपर्यंत येतो आणि पट्टी फोनला सांगते: गोळी घेतली. २०१७ साली अमेरिकेत अशी पहिली गोळी मंजूर झाली, आणि तीही स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांवरची. ज्या आजारात 'कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतंय' ही भीती वाटू शकते, त्याच आजाराची गोळी पाळत ठेवणारी! रुग्णाच्या परवानगीने ही माहिती डॉक्टर आणि आणखी चार जणांना दिसू शकत होती. प्रोटियसने २०२० साली दिवाळखोरी जाहीर केली.

आमच्याकडे हे काम आई करते. "गोळी घेतली का?" आणि बाबा "हो" म्हणतात, कधी खरं, कधी खोटं. त्या खोट्या 'हो'मध्येही माणसाचा थोडा अधिकार असतो. आई रागावते, पण विम्याचा हप्ता वाढवत नाही.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर, अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी २००७ साली त्यांच्या हृदयातल्या यंत्राचा वायरलेस भाग बंदच करून घेतला, कुणी दुरून छेडछाड करू नये म्हणून. २०१७ साली तिथे सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरना सुरक्षेसाठी फर्मवेअर अपडेट घ्यावा लागला. 'आमचा सिग्नल १५ सेंटिमीटरच जातो' हे यावर उत्तर होऊ शकतं, पण फक्त तिथे, जिथे १५ सेंटिमीटरच्या आत कुणी नसतं. उपाध्यक्षांच्या भोवती नसेल. बाबा अंधेरीला जातात तेव्हा असतं.

शरीर कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे कोर्टातही येऊन गेला आहे. मे २०१७ मध्ये आधार-पॅन प्रकरणात तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडली की माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क निरंकुश नाही. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माझ्या बोटाच्या ठशावर एवढा वाद झाला, आणि ठसा तर नुसता शिक्का आहे. उद्या अख्खं अंगच नेटवर्क झालं तर?

म्हणून, उद्या कुणी असं प्रॉडक्ट घेऊन आलं, किंवा तुम्हा-आम्हालाच त्याचं कोडिंग करायची वेळ आली (येईल, चिप झाली की सॉफ्टवेअर आपल्याकडेच येतं), तर माझ्या तीन अटी आहेत.

पहिली: स्पर्श हे फक्त कनेक्शन मानायचं, परवानगी नाही. पैसे जाण्याआधी, दार उघडण्याआधी माणसाने मुद्दाम केलेली दुसरी एखादी कृती हवी. लोकलच्या धक्क्याने जी होऊ शकत नाही, अशी.

दुसरी: अंग हे कुलूप समजायचं नाही. सिग्नल बाहेर जातोच आहे असं धरून एन्क्रिप्शन करायचं. आणि नुसता मजकूर लपवून भागत नाही. माझ्या छातीत यंत्र आहे, एवढंसुद्धा शेजारच्याला कळायचं कारण नाही. नोकरी आणि लग्न जमवताना या देशात तेवढी माहिती पुरते.

तिसरी, आणि माझी लाडकी: चाचणी गर्दीत करायची. एकटा, कोरडा, एसीत उभा असलेला माणूस घेऊन काढलेला आलेख मला दाखवू नका. जुलै महिना, ओली छत्री, चर्चगेट लोकल, चौरस मीटरला पंधरा माणसं. इथे जे चालेल ते जगात कुठेही चालेल. एक्सटीसीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनो, दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा हा प्रोजेक्ट घ्या. प्रयोगशाळेचं भाडं नाही, महिन्याचा पास काढला की झालं. फक्त सँपलमध्ये येणाऱ्या माणसांना आधी विचारा.

आणि हो, मोजमाप बायकांच्या डब्यातही झालं पाहिजे, आणि ते बायकांनीच केलं पाहिजे. 'लागला' आणि 'लावला' यातला फरक ज्यांना रोज सिद्ध करावा लागतो, त्यांच्या हातात या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा असावा, असं मला मनापासून वाटतं.